चालत्या यंत्राची पूजा

एरवी मल्हारराव मोहित्यांना सकाळी डोळे उघडले की आधी देव आठवायचा, मग चहा. जुलैपासून हा क्रम साफ बिघडला. आता ते उठायचे ते थेट पुढच्या खोलीत, कॉम्प्युटरसमोर. पडद्यावरच्या छोट्या चौकटीतले टक्के वाचायचे, चष्मा पुसून पुन्हा वाचायचे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने टिपून ठेवायचे. एकतीस पूर्णांक चार. बत्तीस पूर्णांक सहा. त्यांच्या बायकोने, जमनाबाईंनी, वर्षानुवर्षं त्याच चौकोनांत दूधवाल्याचे खाडे लिहिले होते. त्या म्हणायच्या, "दूध किती दिवस आलं नाही ते विचारलं तर मी आता काय सांगू? बत्तीस पूर्णांक सहा लिटर?"

कॉम्प्युटर मल्हाररावांचा नव्हता, ते आधीच सांगून टाकू. तो होता सुचेताचा. सुचेता पुण्याची, व्हाइटफील्डच्या एका कंपनीत इंजिनिअर, आणि मोहित्यांच्या बेंगळुरातल्या राजाजीनगरच्या घरात वरच्या खोलीत भाडेकरू. टेलिफोनची तार खालच्या खोलीत, म्हणून कॉम्प्युटरही खाली. सोबत एक जुना प्रिंटर, जो चालू केला की पत्र्यावर कुणी वाटाणे ओतल्यासारखा आवाज करायचा. ही मुलगी सकाळी सातला ऑफिसच्या बसने जायची ती रात्री जेवायलाच उगवायची. दिवसभर कॉम्प्युटर नुसता बसून.

आणि मल्हाररावांना नुसतं बसून असलेलं यंत्र बघवत नसे. चौतीस वर्षं पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात लेथवर काढलेला माणूस तो. त्यांनी एक दिवस सुचेताला धरलंच. "बाळ, एवढं महागाचं यंत्र, आणि दिवसभर त्याच्या पडद्यावर मासे पोहतात. याला काही काम नाही का देता येत?"

"देता येतं की काका!" सुचेता म्हणाली. "ॲक्च्युअली मस्त प्रोजेक्ट आहे एक. परदेशातलं एक विद्यापीठ आहे. त्यांना फार मोठमोठे आकडे तपासायचेत. त्यांच्याकडे एवढे कॉम्प्युटर नाहीत, म्हणून ते जगभरच्या लोकांना सांगतात, तुमच्या घरचा रिकामा आहे ना, आम्हाला द्या. ते इंटरनेटवरून एक आकडा पाठवतात, आपला कॉम्प्युटर तो तपासत बसतो, आणि झालं की उत्तर परत पाठवायचं."

"तपासायचं म्हणजे काय?"

"त्या आकड्याला एक आणि तो स्वतः सोडून दुसऱ्या कशानं भाग जातो का, एवढंच. शाळेत मूळ संख्या होत्या ना, तेच. फक्त आकडा मोठा. लिहायला बसलात तर वीस लाख अंक होतील."

वीस लाख अंकांचा एक आकडा! लेथवर मल्हाररावांनी केसाच्या जाडीचं माप सांभाळलं होतं, पण हे प्रकरण वेगळंच होतं.

"मग त्यांचा काय फायदा? आणि आपला काय?" जमनाबाईंनी शिलाई मशीनवरून मान वर न करता विचारलं. त्या गल्लीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवायच्या, आणि बोलता बोलता कात्रीही चालवायच्या.

"फायदा म्हणजे, त्यांच्या यादीत कायमची नोंद होते. प्रत्येक आकडा दोन वेगवेगळे लोक तपासतात. दोघांचं उत्तर जुळलं की त्या आकड्याचं काम संपलं. मग त्याच्यापुढे त्या दोघांची नावं राहतात. जगात कुणीही बघू शकतं. आणि पुन्हा त्या आकड्याला कुणी हात लावत नाही."

"नाव?" मल्हाररावांनी विचारलं.

"हो. आणि काका, तुमचंच घालू या नाव. मी तर घरी नसतेच. त्याच्याकडे बघणार तुम्ही."

आता इथे थोडं थांबून सांगायला हवं, नाहीतर म्हणाल, काय हा म्हातारा नावासाठी हपापलेला. चौतीस वर्षं मल्हाररावांनी जे घडवलं त्या प्रत्येक तुकड्यावर शिक्का होता कारखान्याचा. ते चुकूनही तक्रार करत नसत. पण निवृत्त झाले त्या दिवशी एकूण अकरा जणांना एकाच भाषणात उरकलं होतं. साहेब 'आपले ज्येष्ठ सहकारी' म्हणाले, अकरा हार घातले, अकरा भिंतीवरची घड्याळं दिली आणि एकाचंही नाव घेतलं नाही. मल्हारराव घरी आले, घड्याळ खोक्यातच ठेवलं आणि त्या रात्री जेवले नाहीत. ते खोकं अजून कपाटावर आहे. जमनाबाई तो विषय काढत नाहीत.

तर असं नाव घातलं गेलं. पूर्ण. मल्हारराव खंडेराव मोहिते. सुचेताने इंग्रजीत टाईप केलं, त्यांनी एकेक अक्षर बोटाने तपासलं. मग टेलिफोनच्या तारेतून चिरचिर, घरघर, किंचाळी असे सगळे आवाज येऊन एकदाचा आकडा उतरला. मुदत नव्वद दिवस. नव्वद दिवसांत उत्तर गेलं नाही, तर आकडा काढून दुसऱ्या कुणाला देणार. पहिला तपासणारा फिनलंडचा कुणीतरी होता, त्याचं काम झालेलं. दुसरे मल्हारराव.

त्या दिवसापासून मल्हारराव पुन्हा कामावर रुजू झाले म्हणा ना! सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून कॉम्प्युटरजवळ खुर्ची टाकून बसायचे. पालथ्या हाताने डब्याला स्पर्श करून ताप बघायचे. कान लावायचे. ऑगस्टमध्ये एकदा म्हणाले, "याचं बेअरिंग बोलतंय." सुचेता हसली. रविवारी तिने डबा उघडला तर पंखा खरोखरच अडखळत होता. मल्हाररावांनी बायकोच्या शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब काडीच्या टोकाने सोडला, आणि पंखा असा शांत झाला की सुचेताने हात जोडले. "काका, आमच्या कंपनीत या. सीरियसली."

सगळं व्यवस्थित चाललं असतं हो. पण सप्टेंबरात गल्लीच्या कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर जळला आणि आठ दिवस गल्लीत वीज नाही. आठ दिवस! मल्हारराव रोज वीज कार्यालयात जाऊन बसायचे. तिथला कारकून म्हणायचा, "स्वल्प तडी, सार." जरा थांबा. हे म्हणायचे, "अरे, तिकडं माझा आकडा अडलाय!" कारकुनाला वाटलं, मटक्याचं काही असेल. त्याने फार आदराने यांना चहा पाजला.

वीज आली, काम जिथं थांबलं होतं तिथून पुढं सुरू झालं. पण हाताशी राखलेले दिवस गेले ते गेलेच. सुचेताने विद्यापीठाला ई-मेल करून आठ दिवस वाढवून मागितले. उत्तर आलं, तेही कॉम्प्युटरनेच परस्पर लिहिलेलं: मुदत वाढत नाही. मल्हाररावांनी कॅलेंडरसमोर बसून हिशोब मांडला. एक मिनिटही न थांबता चालला तर काम मंगळवारी दुपारी दोनला पुरं होतं. मुदत त्याच मंगळवारी संध्याकाळी सहाला. चार तास हातात. त्यांचा जीव भांड्यात पडला.

मग त्यांची नजर त्या मंगळवारच्या चौकोनात छापलेल्या बारीक अक्षरांवर गेली. विजयादशमी. आणि आदला दिवस, सोमवार: महानवमी, आयुधपूजा.

बेंगळुरात राहणाऱ्याला पुढचं सांगायला नको. आयुधपूजेला इथं हत्यार चालत नाही. रिक्षा, बस, लेथ, विळी, पेन, जे ज्याचं पोट भरतं ते त्या दिवशी धुऊन पुसून, हळद-कुंकू लावून, झेंडू वाहून ठेवायचं. दशमीला पुन्हा पूजा करून चालू करायचं. अख्खं पीण्या त्या दिवशी गप्प असतं. आणि मोहित्यांच्या घरात हा नियम सगळ्यांत कडक कुणी पाळला? खुद्द मल्हाररावांनी. एका वर्षी बाहेरून आलेला नवा मॅनेजर म्हणाला, मोठी ऑर्डर आहे, नवमीला अर्धा दिवस मशीन चालवू. मल्हारराव लेथपुढे मांडी घालून बसले आणि म्हणाले, "आधी मला चालवा." ती गोष्ट ते दरवर्षी सांगायचे. गल्लीत पाठ होती सगळ्यांना.

शनिवारी त्यांनी हळूच विषय काढला. "म्हटलं, तो कॉम्प्युटर काही आपला नाही. त्याची पूजा आपण कशाला?"

जमनाबाईंनी मशीनचं पायडल थांबवलं. "घरात आहे, कामाला आहे. पूजा होणार."

"पूजा कर गं. पण चालू ठेवून..."

"चालू ठेवून?" जमनाबाई पूर्ण वळल्या. "माझं मशीन उद्या रात्री झाकायचं, विळीला कुंकू लावायचं, तुमच्या सायकलला हार घालायचा, आणि तो एकटा घूं घूं करत राबणार? त्या मॅनेजरला काय म्हणाला होतात? आधी मला चालवा. बरं मग, बसू का मी मांडी घालून?"

मल्हाररावांनी चष्मा पुसायला घेतला. स्वतःचेच शब्द होते. वरून सुचेता आली, तिने परिस्थिती ओळखली आणि मदतीला धावली. "काकू, लॉजिकली बघा ना. तो काही कष्ट करत नाही. त्याला थकवा नसतो."

"लेथला असतो?" जमनाबाई म्हणाल्या.

सुचेता म्हणाली, "काकांसाठी वाईट वाटतं हो, म्हणून बोलले." जमनाबाईंचा आवाज उतरला. "मला नाही का वाटत? तीन महिने बघतेय मी. पण आपल्या सोयीला देव बाजूला सारला, की मग दरवर्षी सारावा लागतो."

रविवारी सकाळी मल्हारराव खुर्चीत बसून होते. चहा गार झाला. मनाशी त्यांनी ठरवत आणलं होतं: बंद करायचं. जाऊ दे नाव. एवढी वर्षं नव्हतं, काय बिघडलं? पण हात काही केल्या बटणाकडे जाईना. जमनाबाईंनी शिलाई मशीन आधीच आवरून ठेवलं होतं, रस्त्यावरही सामसूम होती, आणि खोलीत फक्त त्या पंख्याचा आवाज. घूं... घूं...

मल्हारराव एकदम ताठ बसले.

हा आवाज त्यांना माहीत होता. आयुधपूजेच्या दिवशी कारखान्यात सगळे लेथ, सगळे पट्टे बंद. आरती व्हायची, कापूर फिरायचा. आणि आरती संपून सगळे क्षणभर गप्प झाले की मागच्या शेडमधून असाच एक आवाज यायचा. चौतीस वर्षं ऐकला होता. भट्टी! गिअर तापवून कडक करायची भट्टी. ती चालू असायची. आयुधपूजेलासुद्धा.

"अगं, भट्टी!" ते ओरडतच स्वयंपाकघरात गेले. "भट्टी बंद नसायची कधी! नवमीलासुद्धा!"

जमनाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "अगदी आजच आठवलं?"

"देवाशप्पथ खरं!"

"मग तिची पूजा कशी करायचे?"

मल्हारराव त्या शेडमध्ये नवमीला कधी गेलेच नव्हते. पूजा पुढच्या शेडमध्ये, जेवणाच्या पंगती पुढच्या अंगणात.

"ज्याला ठाऊक आहे त्याला विचारून या," जमनाबाई म्हणाल्या. "रीत असेल तर मी कशाला अडवू? पण रीत असायला हवी. आपल्या मनचं नको."

भट्टीवर होता विठोजी. भट्टी विठोजी. तो निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, यशवंतपूरला राहतो एवढंच मल्हाररावांना ठाऊक. ते रिक्षाने गेले. यशवंतपूरच्या बाजारात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती: कोहळ्यांचे डोंगर, केळीचे खुंट, झेंडूच्या माळा मापाने विकायला. कांद्याच्या वखारींमागे चौकशी करत करत त्यांनी 'भट्टी विठोजी, पीण्याचे' असं चार ठिकाणी विचारलं. पाचव्या ठिकाणी एका बाईने बोट दाखवलं.

विठोजी दारात वेताच्या मोड्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होता. डावा गाल उजव्यापेक्षा काळा. तीस-बत्तीस वर्षं भट्टीचं दार डाव्या बाजूला होतं त्याच्या.

"अय्यो, मल्हारण्णा!" तो उठायला धडपडला. "तुम्ही? माझ्याकडं? कोण गेलं काय?"

"कुणी गेलं नाही. बस, बस. एक विचारायला आलो."

त्यांनी सगळं सांगितलं. आकडा, टक्के, मुदत, जमनाबाई. विठोजीला आकड्याचं काही कळलं नसावं, पण काम मधे थांबवता येत नाही म्हणजे काय, ते त्याला लगेच कळलं.

"भट्टी नाही थांबवायची," तो म्हणाला. "थंड झाली तर आतल्या विटा तडकतात. पुन्हा तापायला तीन दिवस. मी होतो तोवर एका नवमीला नाही थांबवली."

"मग पूजा?"

"करायची की. सकाळी तुम्हा लोकांची आरती व्हायच्या आधी मी करून घ्यायचो. दाराच्या मुठीला कुंकू. वर एक फूल. कोहळा बाहेर फोडायचा. आणि मग बसायचं."

"बसायचं म्हणजे?"

"तिच्याजवळ. दिवसभर. सगळी हत्यारं सुट्टीवर, आणि ही एकटी कामावर. मग तिला एकटं सोडून कसं चालेल? कुणीतरी सोबत बसायला नको?" विठोजीने शेंगेचं टरफल बाजूला टाकलं. "चालत्या हत्याराची पूजा करता येते, मल्हारण्णा. पण पंगतीला उठून जाता येत नाही."

"हा नियम कुणाचा? भटजींनी सांगितला?"

विठोजी हसला. पुढचे दोन दात नव्हते. "माझाच. मी ठरवला. विचारायला कुणी आलंच नाही त्या बाजूला."

"आणि जेवण?"

"यायचं की. तीनच्या सुमाराला. पंगती उठल्या की कुणीतरी पान आणून द्यायचं. गार असायचं स्वल्प," असं म्हणून तो घाईने पुढे म्हणाला, "पण भट्टीच होती ना शेजारी! तिच्यावर धरलं की गरम."

तो स्वतःच्याच बोलण्यावर हसला. मल्हाररावांना हसू येईना. त्या पंगतीत ते दरवर्षी पहिल्या रांगेत असायचे. पुरणपोळीवर तूप कमी पडलं म्हणून वाढप्याला हाका मारायचे. मागच्या शेडमध्ये कुणी उपाशी बसलंय हे एकाही वर्षी त्यांच्या मनात आलं नव्हतं. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"विठोजी," ते म्हणाले, "उद्या माझ्याकडं ये. जेवायला. साडेबाराला."

"मी कशाला उगीच..."

"ये म्हणतो ना! नाही आलास तर चालत येईन आणि उचलून नेईन."

"सरी, सरी. येतो," विठोजी म्हणाला.

जमनाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मल्हाररावांनी शेवटी गार पानाचं सांगितलं, तेव्हा त्यांनी पदराने नाक पुसलं आणि म्हणाल्या, "रीत चांगली आहे. पण उठायचं नाही हं जागेवरून. मी लक्ष ठेवीन."

नवमीच्या सकाळी आठला कॉम्प्युटरची पूजा झाली. पडदा पुसून वर कुंकवाचं बोट, डब्यावर एक फूल, आणि हार मात्र पंख्याच्या जाळीपासून लांब; तो मल्हाररावांनी हाताने मोजून घातला. पडद्यावर अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार. जमनाबाईंनी कोहळा रस्त्यावर फोडला. मग शिलाई मशीन, विळी, सायकल, सुचेताचं ऑफिसचं ओळखपत्र, सगळी निमूट हळद-कुंकू लावून बसली, आणि मल्हारराव खुर्चीत. कारखाने बंद म्हणून नवमीला वीज कधी जात नसे. तरीही दर दहा मिनिटांनी त्यांची नजर दिव्याकडे जायची.

साडेबाराला विठोजी आला. धुतलेलं धोतर, डोक्याला रुमाल, हातात भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. चप्पल काढून तो आधी कॉम्प्युटरजवळ गेला, वाकून आवाज ऐकला आणि मान डोलावली. "चांगला बोलतोय. जा मल्हारण्णा, तुम्ही जेवून घ्या. मी बसतो इथं."

म्हणजे त्याला वाटलं होतं, त्याला त्यासाठीच बोलावलंय!

जमनाबाईंनी मधे पडून सांगितलं, "अण्णा, ते उठणार नाहीत. तुम्ही चला. पान वाढलंय." त्यांनी विठोजीला नेऊन केळीच्या पानापुढे बसवलं, आणि तव्यावरून उतरलेली पहिली पोळी, वाफ निघत असलेली, त्याच्या पानात टाकली. वर तुपाची धार, तो 'साक अक्का, साक', पुरे पुरे म्हणत राहिला तरी थांबेचना. विठोजीने पोळीला हात लावला आणि चटका बसून बोट झटकलं. मग कुणाकडेही न बघता फुंकर घालत घालत तो जेवायला लागला. पुढच्या खोलीतून मल्हाररावांना त्याची नुसती पाठ दिसत होती. ती बघत ते बसून राहिले. त्यांचं स्वतःचं पान तीन वाजता आलं. जमनाबाई गरम करून देते म्हणाल्या, तर ते म्हणाले, "असू दे. असंच दे." आणि गार पुरणपोळी त्यांनी चवीने संपवली.

विठोजी त्या दिवशी घरी गेलाच नाही. 'भट्टी उतरल्याशिवाय कसं जाऊ' म्हणाला. रात्रीची पाळी सुचेताने घेतली. सकाळी उठून बघतात तर विठोजी तिच्याजवळ बसलेला, आणि ती त्याला टक्के कसे वाचायचे ते शिकवत होती.

दशमीला दुपारी दोन वाजून अकरा मिनिटांनी पडद्यावरची चौकट थांबली. शंभर. सुचेताने धडाधड बटणं दाबली. टेलिफोनची तार लागेना. दसऱ्याचा दिवस, सगळं शहर एकमेकांना फोन करत असणार! दोनदा गुंतलेली, चौथ्यांदाही गुंतलेली. मल्हारराव घामाने भिजले. तीन वाजून गेल्यावर कधीतरी ती किंचाळी एकदाची आली, उत्तर गेलं आणि थोड्या वेळाने विद्यापीठाचं पान उघडलं.

"काय निघालं?" जमनाबाई सुचेताच्या खांद्यावरून वाकल्या. "भाग जातो की नाही जात?"

"जातो. म्हणजे मूळ संख्या नाहीये. फिनलंडवाल्याचंही हेच उत्तर होतं. जुळलं! आकडा बंद!"

"म्हणजे नापास?" जमनाबाई म्हणाल्या. "तीन महिने राबून नापास?"

"अगं, नापास आकडा झाला. आपण पास!" मल्हारराव ओरडले. त्यांनी आनंदाने टाळीच वाजवली. "आता या आकड्याकडं जगात कुणाला बघायची गरज नाही. आपण बघितलंय!"

सुचेताने प्रिंटर चालू केला. वाटाणे सांडले, कागद बाहेर आला. वर तो आकडा, पूर्ण नव्हे, त्याची छोटी खूण. खाली फिनलंडच्या माणसाचं नाव. आणि त्याच्याखाली: मल्हारराव खंडेराव मोहिते, बेंगळूर. मल्हाररावांनी कागद दोन्ही हातांत धरला. वाचला. पुन्हा वाचला. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पुसलंही नाही. जमनाबाईंनी कागदाला कुंकवाचं बोट लावलं.

विठोजीने रुमाल सारखा केला. "झालं ना? मग निघतो मी. आमची बस मिळेल." पिशवी उचलून तो दाराकडे वळला.

"थांब," मल्हारराव म्हणाले.

त्यांनी कागद टेबलावर ठेवला, पेन घेतलं, आणि आपल्या छापील नावाच्या खाली मराठीत लिहायला लागले. भट्टीवर. विठोजी. तिथे पेन थांबलं.

ते थांबलं ते पुढे जाईना. मल्हाररावांनी आठवून बघितलं. एक दरवाजा, एक भोंगा, एक बस, अठ्ठावीस वर्षं रोज. भट्टी विठोजी, बस्स. त्यापुढचं काहीच नव्हतं. ते वळले.

"विठोजी, तुझं आडनाव काय?"

दारातून विठोजी परत आला. त्याने आधी कागदाकडे पाहिलं, मग पेनाकडे.

"घाटगे," तो म्हणाला. मग खालच्या आवाजात, "वडिलांचं नाव ज्योतिबा. तेही लिहा, जागा असली तर."

"जागा पुष्कळ आहे," मल्हारराव म्हणाले आणि त्यांनी लिहिलं.